छोटी बग्गी खरी कधी वाटते? एकास दहाचं गणित

(टेबलावर दोन आरसी बग्ग्या, म्हणजे रिमोटवर चालणाऱ्या छोट्या गाड्या, शेजारी मातीचा एक मावळा.)

नमस्कार मंडळी. गाड्यांकडे नंतर वळू, आधी हा मावळा बघा. दिवाळीत आमच्या बोरिवलीच्या सोसायटीत पोरं किल्ला करतात, त्यातला हा. किल्ल्याच्या दरवाज्यापेक्षा उंच आहे, म्हणजे बिचाऱ्याला आत जाता येणार नाही. त्याच्या शेजारचा वाघ तर तोफेच्या दुप्पट. उभं राहून बघितलं की हे सगळं लगेच डोळ्यांत भरतं. पण मागच्या दिवाळीत माझा भाचा किल्ल्यासमोर पालथा पडला आणि म्हणाला, "मावशी, इथून बघ ना." मीही आडवी झाले, हनुवटी फरशीला टेकवली. मोहरीचे कोंब एकदम झाडांएवढे झाले, गोणपाटाचा डोंगर डोक्यावर आला आणि पायवाट खरंच गडावर चढायला लागली. माती तीच आणि मावळाही तोच, माझा डोळा मात्र मावळ्याच्या डोळ्याइतका खाली आला होता.

आरसी बग्गीचंही असंच आहे. लोक मला विचारतात, "ताई, रंग कुठला मारू? स्टिकर कुठून आणू?" रंगाचं सांगते, पण शेवटी आणि थोडक्यात. कारण स्टिकरपर्यंत तंतोतंत केलेली गाडीसुद्धा सुरू झाल्यावर पहिल्या दोन सेकंदांत खेळणं वाटायला लागते. खरेपणा आधी हालचालीत असतो.

जरा मागे जाऊ. वाळूतली बग्गी मुळात आली कॅलिफोर्नियातून. ब्रूस मेयर्स यांनी १९६४ मध्ये फायबरग्लासच्या हलक्या बॉडीला फोक्सवॅगन बीटलचं इंजिन आणि सस्पेन्शन बसवलं, तीच मेयर्स मँक्स. बीटलच का? इंजिन मागे, त्यामुळे वजन मागच्या चाकांवर आणि वाळूत पकड चांगली. इंजिन हवेने थंड होणारं, म्हणजे वाळवंटात रेडिएटर फुटायची भीती नाही. १९६७ मध्ये मेक्सिकोच्या बाहा द्वीपकल्पातली मोठी शर्यत मँक्सनेच जिंकली, सुमारे साडेसत्तावीस तासांत.

मग १९७९ साली जपानच्या तामियाने एकास दहा प्रमाणात दोन आरसी बग्ग्या काढल्या, रफ रायडर आणि सँड स्कॉर्चर. स्कॉर्चरची बॉडी म्हणजे मडगार्ड छाटलेली, वाळवंटासाठी उंच केलेली बीटल. मला त्या गाडीचं प्रेम आहे ते बॉडीमुळे नाही. तिला उलटी करा. पुढे बीटलसारखेच दुहेरी ट्रेलिंग आर्म, म्हणजे चाक धरणारे मागे वळलेले दांडे, तेही ओतीव धातूचे. मोटर मागच्या आसाच्याही मागे, खऱ्या गाडीचं इंजिन असतं तिथेच. त्यामुळे ॲक्सिलरेटर दिला की ती मागे बसते आणि वळताना नाक हलकं होऊन पुढे घसरते. बीटलचे जे गुण होते तेच हिच्यात उतरले, आणि दोषही.

पुढे शर्यती वाढल्या. १९८४ मध्ये टीम असोसिएटेड या अमेरिकन कंपनीची आरसी१० आली, ॲल्युमिनियमच्या टबवर बांधलेली. १९८५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेल मारला एकास दहा ऑफ-रोडची पहिली जागतिक स्पर्धा झाली. तिथून बग्गी शर्यतीसाठी घडत गेली, आणि त्यात वाईट काही नाही. फक्त एक हिशेब करून बघा. स्पर्धेच्या बग्गीला रुंदीची मर्यादा असते २५० मिलिमीटर. दहाने गुणा, अडीच मीटर. म्हणजे आपल्या बेस्टच्या बसएवढी रुंद! खरी बीटल दीड मीटरच्या थोडी वर. तेव्हा बॉक्सवर 'वन टेन्थ' लिहिलंय म्हणून ती कशाचा तरी दहावा भाग आहे असं समजू नका. तो आता वर्गाचा नंबर झालाय, मोजपट्टीचा नाही. गाडी घेण्याआधी टेप घेऊन पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, म्हणजे व्हीलबेस, मोजा. बीटलचा व्हीलबेस २४० सेंटिमीटर, तर मॉडेलचा २४ च्या आसपास हवा.

आता आजच्या व्हिडिओचा गाभा. वही घ्या.

लांबी दहापट कमी केली. रुंदी, उंची, सगळं दहापट कमी केलं. पण गुरुत्वाकर्षण कमी करता येतं का? नाही. ते गोराईला जेवढं, तेवढंच तुमच्या टेबलावर. आणि सगळी गोची इथेच होते. खरी बग्गी उंचवट्यावरून पाच मीटर उंच उडाली तर वर जाऊन खाली यायला तिला दोन सेकंद लागतात. तुमची मॉडेल अर्धा मीटर उडते, प्रमाण बरोबर आहे, पण हवेत ती राहते फक्त पाऊण सेकंदाच्याही आत. खऱ्या गाडीचं ते तरंगणं, प्रेक्षकांनी श्वास धरणं, ते सगळं इथे पापणी लवेपर्यंत संपतं.

किती जलद संपतं? दहाच्या वर्गमुळाइतकं, म्हणजे ३.१६ पट. हा आकडा कुठेतरी लिहून ठेवा. छोट्या गाडीचं घड्याळ मोठ्या गाडीच्या घड्याळापेक्षा सव्वातीन पटींच्या जरा कमी, इतकं पुढे पळतं. जहाजांची छोटी मॉडेलं पाण्यात ओढून चाचणी घेणारे हाच हिशेब वापरतात. सिनेमात छोटा पूल कोसळताना दाखवायचा असेल तर कॅमेरा जास्त फ्रेमवर चालवतात, तोही याच हिशेबाने.

मग वेग. पुष्कळ जण सांगतात, "माझी गाडी ताशी ४० ने पळते, म्हणजे स्केलमध्ये ४००!" लांबीच्या हिशेबाने गुणाकार बरोबर आहे. पण गाडी कशी उडते, कशी झुकते, कशी घसरते, हे ठरवणारा हिशेब ३.१६ चा आहे. त्या हिशेबाने ४० म्हणजे साधारण १२६. वाळूत खरी बाहा बीटल ७०-८० ने गेली तरी चालवणाऱ्याची हाडं खिळखिळी होतात. म्हणजे मॉडेलला हवेत ताशी २५ किलोमीटर. पंचवीस! तुमच्या ब्रशलेस मोटरला हे हसत जमतं, आणि म्हणूनच तिला आवर घालावा लागतो.

आवर कसा घालायचा? पिनियन, म्हणजे मोटरवरचं छोटं दातेरी चाक, दोन-तीन दातांनी लहान घ्या. बॅटरी दोन सेलच्या वर जाऊ देऊ नका. आणि ट्रान्समीटरवर थ्रॉटलची कमाल मर्यादा खाली आणा. पण टोकाच्या वेगापेक्षा मोठी चूक सुरुवातीच्या झटक्यात असते. इथे एक सुंदर गोष्ट आहे: वेग, वेळ सगळं बदललं तरी त्वरण बदलत नाही. खरी बग्गी वाळूत गुरुत्वाच्या निम्म्या त्वरणाने सुटत असेल, तर मॉडेलनेही तितक्याच त्वरणाने सुटायचं. गणित केलं तर शून्यापासून पंचवीसपर्यंत पोचायला तिला साधारण दीड सेकंद लागायला हवा. मोबाइलवर शूट करा आणि मोजा. बहुतेक गाड्या त्याच्या कितीतरी आधी पोचतात, गोफणीतून सुटल्यासारख्या. ईएससीमध्ये, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटमध्ये, 'पंच' नावाची सेटिंग असते, ती सगळ्यात खालच्या पायरीवर आणा. मग बघा, गाडी आधी मागे बसेल, चाकं वाळू उकरतील आणि मग ती निघेल. खरी गाडी अशीच निघते.

(लाल बग्गी हातात.)

आता सस्पेन्शन. ही जुन्या धाटणीची गाडी, मागे अखंड आस, स्प्रिंग कडक आणि शॉकमध्ये, म्हणजे झटके शोषणाऱ्या नळीत, तेलच नाही. टेबलावर जरा वरून सोडते. ऐकलंत? टप्पा, टप्पा, टप्पा. चेंडूसारखी. आता ही दुसरी. (निळी बग्गी सोडते.) बसली, एकदा सावरली, थांबली.

खरी वाळवंटी गाडी दाबून सोडली की सेकंदाला साधारण एकदा वरखाली होते. आपल्या घड्याळाने मॉडेलने सेकंदाला तीनदा व्हायला हवं. हे मोजायचं कसं? अगदी सोपं आहे. गाडी हळूहळू वर उचला, चाकं जमीन सोडायच्या बेतात येईपर्यंत. तिथली उंची मोजा. मग खाली ठेवा आणि तिच्या वजनाने ती किती बसते ते मोजा. पावणेतीन सेंटिमीटरच्या आसपास बसली तर स्प्रिंग बरोबर. अर्धा सेंटिमीटरच बसली तर स्प्रिंग फार कडक आहे, ती दगडावरून टणाटण उडत जाणार. छोट्या शॉकमध्ये एवढी जागाच नसेल, तर निदान एकूण हालचालीच्या तिसऱ्या हिश्शाएवढी तरी बसू द्या. तेल मात्र भरा, सिलिकॉनचं, आणि दाबून सोडल्यावर एकाच झोक्यात थांबेल इतकंच घट्ट. मी या एका गोष्टीवर अख्खे रविवार घालवते. स्प्रिंग बदल, तेल बदल, परत सोडून बघ. घरचे विचारतात काय चाललंय. पण जेव्हा ती वळणावर बाहेरच्या बाजूला झुकते आणि सरळ होताना जराशी रेंगाळते, तेव्हा आतमध्ये ८०० किलोंचं लोखंड आहे असं वाटतं. त्या क्षणासाठी सगळं.

वजनाचं म्हणाल तर ८०० किलोंचा हजारावा भाग म्हणजे ८०० ग्रॅम. आपल्या गाड्या दीड किलोच्या पुढेच असतात. म्हणून वजन वाढवायच्या फंदात पडू नका. आहे ते खाली आणि मागे सरकवा.

बॉडीचं भराभर सांगते. पारदर्शक लेक्सनचा पत्रा एक मिलिमीटर जाड, म्हणजे खऱ्या गाडीवर एक सेंटिमीटर. चाकांच्या कमानीच्या कडेला हे लगेच दिसतं, म्हणून कडा आतून तिरकी घासून पातळ करा. तीन मिलिमीटरच्या स्क्रूचं डोकं साडेपाच मिलिमीटर, म्हणजे खऱ्या गाडीवर मुठीएवढा बोल्ट, तेव्हा दिसतील तिथले काळे करा. ड्रायव्हर बसवा आणि त्याचं हेल्मेट अडीच सेंटिमीटरच्या आसपास ठेवा. चकचकीत रंग नको. धूळ हवी असेल तर खरी माती लावू नका, तिचे कण खडे वाटतात. किराणा दुकानातला गेरू मलमलच्या फडक्यातून चाळा आणि मॅट व्हार्निशवर कोरड्या ब्रशने चाकांमागे आणि दारांच्या खालच्या बाजूला थोपटा. अंगणात रांगोळीखाली सारवतात तोच गेरू, याहून बारीक धूळ मला अजून मिळालेली नाही.

आणि आता जागा. मुंबईत असून वाळू शोधायला लागू नये. मी बोरिवलीहून लाँचने गोराईला जाते. पण कधी जायचं हे कॅलेंडर सांगतं. आपल्या किनाऱ्यावर जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. पौर्णिमेला नाहीतर अमावास्येला सव्वाअकराच्या पुढे, जवळपास दुपारी. म्हणजे त्या दिवसांत ओहोटी येते भल्या पहाटे आणि संध्याकाळी, तीही सगळ्यात खोल. ओली, घट्ट, सपाट वाळू लांबवर उघडी पडते आणि नेमका त्याच वेळी तिरपा उजेड असतो. आपल्याला दोन्ही एकदम मिळतात.

त्या वाळूवर बारीक खेकड्यांनी करून ठेवलेल्या गोळ्या बघितल्यात ना? हजारो, नक्षीसारख्या. चार मिलिमीटरची गोळी आपल्या गाडीला चार सेंटिमीटरचा दगड. कोरड्या जाड वाळूपेक्षा हा कडक पट्टा कितीतरी खरा दिसतो, कारण कण दबून गेलेले असतात. मात्र लाटेच्या पाण्यात गाडी घालू नका. पाण्याचा थेंब छोटा होत नाही, उडालेलं पाणी काचेच्या गोट्यांसारखं दिसतं आणि भास तिथेच मोडतो. शिवाय मीठ. माझ्या एका गाडीची चारही बेअरिंगं एका आठवड्यात जाम झाली, कारण घरी येऊन ती गोड्या पाण्याने पुसली नव्हती. मिठाला दया नाही. बॅटरी आणि इलेक्ट्रॉनिक्स काढून, ओल्या फडक्याने पुसून, वाळवून, तेलाचा थेंब. त्याच रात्री. आणि सकाळी फिरायला येणारी माणसं, जाळी वाळत घालणारे कोळी, यांच्यापासून लांब चालवा. पंचवीसच्या वेगाने दीड किलो पायावर आलं तर लागतं.

कॅमेरा. माणसाचा डोळा साधारण १६० सेंटिमीटरवर, म्हणून लेन्स जमिनीपासून १६ सेंटिमीटरवर. मोबाइल उलटा धरला की लेन्स खाली येते, स्टँडही लागत नाही. पोर्ट्रेट मोड बंद. मागचं सगळं धूसर झालं की मेंदूला कळतं, वस्तू लहान आहे. तीन मीटर लांब राहा, म्हणजे खऱ्या गाडीपासून ३० मीटर. १२० फ्रेमवर शूट करा आणि एडिटिंगमध्ये वेग ३२ टक्क्यांवर आणा. ३२ कुठून आले ते तुम्हाला आता माहीत आहे.

ही क्लिप बघा. गेल्या अमावास्येला, संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराची, गोराईची.

(क्लिप. निळी बग्गी वाळूच्या उंचवट्यावरून सुटते.)

मागे बसली... सुटली... आता मोजा माझ्याबरोबर. एक. दीड. दोन. टेकली. आणि बघा, टेकल्यावर कशी एकदाच खोल बसून सावरली. मागची वाळू अजून खाली येतेय.

पुढच्या पौर्णिमेला मी परत तिथे जाणार आहे, रुंद टायर लावून. तुमच्या गाडीची बसायची उंची मोजली असेल तर आकडा खाली लिहा, गाडीचं नाव आणि स्प्रिंगसकट. मी सगळे वाचते.