न फोडलेलं पाकीट

मंडळी, गेली २२ वर्षं मी पुण्यात भूलतज्ज्ञ म्हणून काम करते आहे. इतकी वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये, म्हणजे ओटीत, उभी राहिले, पण त्या दारातून बाहेर काय जातं, हे मी फार उशिरा पाहिलं.

एका संध्याकाळी हर्नियाचं ऑपरेशन आटोपलं. सिस्टर ट्रॉली आवरायला लागल्या, तेव्हा त्यांना थांबवून मी फोडलेल्या पण न वापरलेल्या वस्तू हिरव्या कापडावर मांडल्या. टाक्यांच्या दोऱ्याची तीन पाकिटं, एक ड्रेन (जखमेत साचणारं पाणी बाहेर काढायची नळी), हातमोज्यांचे दोन जोड, रक्त टिपायच्या मॉपचा अख्खा गठ्ठा. कशालाच रक्ताचा थेंब लागलेला नव्हता. 'लागलंच तर हाताशी असावं' म्हणून ते आधीच फोडून ठेवलं होतं, आणि आता ते सगळं टाकूनच द्यायचं होतं.

सकाळी दारात 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या संस्थेच्या ताई येतात, म्हणून ओला-सुका वेगळा करायची सवय आपल्या घरांना लागली. ओटीतही जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६च्या नियमांनुसार रंग ठरलेले आहेत : रक्ताळलेले बोळे पिवळ्या पिशवीत, नळ्या लाल पिशवीत, सुया पांढऱ्या डब्यात. तरी घाईघाईत हातमोज्यांचा कोरा कागद पिवळ्या पिशवीत पडतो आणि बोळ्यांबरोबर भट्टीत जळतो. पेशंट आत यायच्या आधीची वेष्टनं साध्या कचऱ्यात गेली, तर एवढं जाळावं लागणार नाही. पण वर्गीकरण ही नंतरची गोष्ट. मुळात पाकीटच फोडलं नाही, तर वेगळं काय करायचं?

आता माझ्या स्वतःच्या कामाबद्दल बोलते, कारण तिथला कचरा डोळ्यांना दिसत नाही. भुलेचा वायू पेशंटच्या शरीरात फारसा खर्चच होत नाही. बहुतेक सगळा श्वासावाटे परत येतो आणि नळीतून इमारतीबाहेर सोडला जातो. १०० वर्षांच्या हिशेबात डेसफ्लुरेन हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २,५०० पट तापमान वाढवतो. युरोपीय संघाने १ जानेवारी २०२६पासून, वैद्यकीय निकड असल्याशिवाय, त्याचा वापर बंद केला. भुलेसाठीच वापरला जाणारा नायट्रस ऑक्साइड सुमारे २७३ पट, आणि तो हवेत शंभरहून अधिक वर्षं टिकतो. मध्यवर्ती पाइपलाइनमधून तो गळत राहतो, ते वेगळंच.

उपाय माझ्या डाव्या हाताशी आहे. मशीनवरचा फ्लो, म्हणजे ताज्या वायूचा प्रवाह, मिनिटाला सहा लिटरवर ठेवला, तर बहुतेक वायू नुसता बाहेर जातो. पेशंट स्थिर झाल्यावर तो एक लिटरवर आणला, तर तोच वायू आत फिरतो. मशीनमधलं सोडालाइम हे रसायन त्यातला कार्बन डायऑक्साइड शोषून घेतं आणि मॉनिटरवर माझी नजर असतेच. जिथे कमरेशी मणक्यात दिलेल्या भुलेच्या इंजेक्शनवर भागतं, तिथे या वायूंची गरजच पडत नाही.

ओटीतला कचरा कमी करू म्हटलं, की 'मॅडम, जंतुसंसर्ग झाला तर?' असा प्रश्न येतोच, आणि तो रास्त आहे. दक्षिण भारतातल्या अरविंद नेत्र रुग्णालयांचं उदाहरण बघा. तिथल्या मोतीबिंदूच्या एका शस्त्रक्रियेमागचं कार्बन उत्सर्जन ब्रिटनच्या तुलनेत सुमारे ५ टक्के भरलं. उपकरणं झटपट निर्जंतुक करून ते पुन्हा वापरतात, आणि तरीही संसर्गाचं प्रमाण कमी आहे.

आमच्याकडे आता सर्जनबरोबर बसून प्रत्येक ऑपरेशनची यादी नव्याने केली आहे. आधी काय फोडायचं आणि काय नुसतं जवळ ठेवायचं, असे तिचे दोन भाग आहेत. रक्तस्राव झालाच, तर पाकीट फोडायला काही सेकंद पुरतात. परवा हर्नियाच्याच केसमध्ये सिस्टरांनी ड्रेन ट्रॉलीशेजारी ठेवला होता. शेवटपर्यंत कुणी मागितला नाही. त्यांनी पाकिटावरची तारीख पाहिली आणि तो पुन्हा कपाटात ठेवला.