स्पीड बॅग: हाताच्या आधी कान

स्पीड बॅग म्हणजे बॉक्सिंगच्या सरावासाठी आडव्या बोर्डखाली टांगलेली छोटी, हवा भरलेली बॅग. आधी तिचा आवाज ऐका. टकटकटक, टकटकटक. बघणाऱ्याला वाटतं की हा भराभर ठोसे मारतोय, पण तसं नाहीये, एका ठोशामागे बॅग वरच्या बोर्डवर तीनदा आपटतेय आणि मधल्या वेळात हात फक्त गोल फिरून जागेवर येतोय.

आता तेच स्लो मोशनमध्ये. ठोसा बसला, बॅग मागे जाऊन बोर्डला लागली, एक. उलटून आपल्याकडे आली, पुढच्या बाजूला लागली, दोन. परत मागे, तीन. आणि तिथून ती पुन्हा आपल्याकडे निघाली की मारायचं. नवीन माणूस हमखास एक झाल्यावरच घाई करतो, बॅग समोर येताना दिसते ना, मग हात राहवत नाही, आणि सगळं विस्कटतं. म्हणून मोठ्याने एक दोन तीन मोजायचं, थोडं बावळट वाटतं, वाटू दे, कारण स्पीड वाढला की बॅग डोळ्यांना नुसती पुसट दिसते, तिथे कानच कामाला येतो.

जोर तर लागतच नाही. जोरात मारली की ती पळते आणि पुढचं टायमिंग हुकतं. सुरुवात एका हाताने, तीही उघड्या तळव्याने हलकं ढकलून. मग मूठ, करंगळीची बाजू, हातोडी मारल्यासारखी, बॅगच्या सगळ्यात फुगीर भागावर मधोमध. जरा कडेला बसली तर बॅग तिरकी गरगरते. कोपरं वर, मुठी तोंडासमोर, हात फिरवायचे ते गोल छोटे. थोड्याच वेळात खांदे भरून येतात, ते येणारच.

फुगीर भाग साधारण हनुवटीच्या उंचीला हवा. शिकताना मोठी बॅग घ्या, ती हळू चालते, आणि हवा टम्म भरू नका, कारण कडक बॅग जास्त उसळते. बोर्ड हलत असेल तर मात्र काही खरं नाही, तीन आवाज वेगळे ऐकूच येत नाहीत.

काही जण म्हणतात यातून ठोसा शिकता येत नाही, रिंगमध्ये कोण असे गोल हात फिरवतं? बरोबरच आहे त्यांचं. ठोशासाठी हेवी बॅग आहे, म्हणजे ती मोठी, जड, लटकती बॅग, इथे हात वर ठेवायची सवय, खांद्यांचा दम आणि टायमिंग एवढंच मिळतं, आणि माझ्या मते ते कमी नाही.

एक हात जमला की दोन उजव्याने, दोन डाव्याने. हात बदलताना मोजणं बहुतेक सगळ्यांचं तुटतं, तेव्हा बॅग पकडून थांबवायची आणि परत एकपासून.