मान वाचा

श्रोतेहो, नमस्कार.

आज बोलायचंय जुन्या वस्तऱ्याबद्दल. घडीचा वस्तरा, पेटीच्या तळाशी फडक्यात गुंडाळून पडलेला. तो कुणी केला, कुठे केला, हे कसं ओळखायचं? तेवढं भराभर सांगून टाकतो, कारण खरं तर मला आमच्या मामांची गोष्ट सांगायचीय.

तर वस्तरा पूर्ण उघडा. जपून हं, जुनी धारही बोट कापते. धार संपली की खिळ्यापर्यंत जो जाडसर, बोथट भाग जातो, त्याला मी वस्तऱ्याची मान म्हणतो. कारखान्याचा ठसा असतो तो या मानेवर. पात्यावरची सोनेरी नक्षी आणि मोठाली अक्षरं ही पुष्कळदा नुसती मिरवण्यासाठी, शिवाय ती पुसली जातात. मुठीवर तर विसंबूच नका. मुठी फुटायच्या आणि बदलल्या जायच्या. म्हणून मान वाचायची. पुन्हा सांगतो, मान वाचायची, आणि दोन्ही बाजूंनी वाचायची.

आता मामा. आजोबांचा वस्तरा मामांकडे आला. मानेच्या एका बाजूला भारदस्त साहेबी नाव, पुढे ‘अँड सन्स’. झालं! मामांनी जाहीर केलं, "हा शेफील्डचा. इंग्लंडचं पोलाद आहे!" शेफील्ड म्हणजे इंग्लंडमधलं सुऱ्या-वस्तऱ्यांसाठी नावाजलेलं गाव. मीही चार ठिकाणी तेच सांगत सुटलो. त्या ‘अँड सन्स’चा कारखाना मी वर्षभर शोधत होतो. सापडेना. सापडणार कसा? ते दुकानदार होते. दुसऱ्याकडून माल करून घ्यायचा आणि त्यावर आपलं नाव ठोकून घ्यायचं, ही पद्धत तेव्हा सर्रास होती.

मग एका रविवारी मी मान उलटी करून पाहिली. गंजाचा थर. वर कसलंसं चित्र, खाली अक्षरांची ओळ. आणि इथे मी गाढवपणा केला. पॉलिशपेपर घेतला आणि घासायला लागलो. दोन मिनिटांत गंज गेला आणि गंजाबरोबर चित्रही गेलं! हल्ली प्रत्येक जुनी वस्तू चकाकली पाहिजे असं लोकांना वाटतं. पितळी समई असो, कुलूप असो, घास की घास. मला विचाराल तर माणसाच्या हातात पॉलिशपेपर देण्याआधी परीक्षा घ्यावी. पण ते असो.

मामांनी माझ्या हातातून वस्तरा ओढून घेतला. उरलेल्या ओळीवर पातळ कागद धरला आणि पेन्सिल आडवी करून हलकेच फिरवली. कागदावर चार अक्षरं उमटली. एम, ए, एन, वाय.

"मेनी!" मामा म्हणाले. "मेनी म्हणजे पुष्कळ."

"पुष्कळ काय, मामा?"

"अरे, पुष्कळ वर्षं टिकेल, असं लिहिलं असेल. इंग्रज माणूस उगाच लिहीत नाही."

आठवडाभर आमच्या घरी तो ‘पुष्कळ’ वस्तरा होता. मानेवर मशीनचं तेल लावून ठेवलं होतं. रोज मऊ फडक्याने पुसायचं आणि पुन्हा तेल लावायचं. आठव्या दिवशी मी टॉर्च आडवा धरला. समोरून नाही बरं का, आडवा, म्हणजे खाचेत सावली पडते. त्या चार अक्षरांच्या आधी आणखी तीन दिसली. जी, ई, आर. जर्मनी!

मामा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

पण त्या एका शब्दाने केवढं काम केलं बघा. अमेरिकेत 1890 साली जकातीचा कायदा झाला आणि 1891 पासून आयात मालावर देशाचं नाव घालणं सक्तीचं झालं. म्हणून ठशात देशाचं नाव दिसलं, तर वस्तरा बहुधा 1891 नंतरचा. नाव नसलं म्हणजे त्याआधीचाच, असं मात्र नाही. सगळा माल काही अमेरिकेला जात नव्हता. आणि जर्मन वस्तरा म्हटलं की आधी झोलिंगन गाव आठवायचं. इंग्लंडचं शेफील्ड तसं जर्मनीचं झोलिंगन. झोलिंगनच्या पात्यांवर शेफील्डचं नाव ठोकून विकायचे, म्हणून तर इंग्लंडने 1887 मध्ये खोट्या ठशांविरुद्ध कायदा केला. म्हणजे फसणारे आमचे मामा पहिले नव्हेत!

बाकीचं दोन वाक्यांत. ठशात मुकुट आणि ‘व्ही आर’ असेल तर काळ व्हिक्टोरिया राणीचा, 1837 ते 1901. ‘डब्ल्यू आर’ असेल तर तिच्या आधीच्या विल्यम राजाचा. मूठ बोटाने जोरात चोळल्यावर कापराचा वास आला तर ती सेल्युलॉइड नावाच्या जुन्या प्लास्टिकची, म्हणजे साधारण 1870 च्या पुढची. तापलेली सुई लावून बघू नका, सेल्युलॉइड भसकन पेटतं. आणि पुन्हा सांगतो, मूठ नंतर बदललेली असू शकते. आधी मान.

आता मी घासून घालवलेल्या चित्राचं. झोलिंगनच्या हेंकेल्स कारखान्याचं चिन्ह आहे जुळे भाऊ, 1731 पासूनचं. आमच्या मानेवर त्या चित्राचा अगदी तळ तेवढा उरलाय, बारीक बारीक पाय. मला दोन दिसतात. मामा म्हणतात, चार आहेत.

नमस्कार.