गाडी रात्री कुठं उभी होती?

मित्रहो, डिसेंबर २०२४ मध्ये जर्मनीतून एक बातमी आली. फोक्सवॅगन समूहाच्या सुमारे ८ लाख इलेक्ट्रिक गाड्यांची माहिती इंटरनेटवर उघडी पडली होती. त्यातल्या जवळपास ४ लाख ६० हजार गाड्या नेमक्या कुठं उभ्या होत्या, हेही त्यात दिसत होतं. काही मॉडेल्सची जागा तर १० सेंटिमीटरपर्यंत अचूक होती. अशा नोंदींत मालकाचं नाव नसलं तरी फरक पडत नाही. गाडी रोज रात्री ज्या दारात उभी राहते, ते दारच नाव सांगतं. दर मंगळवारी ती कुठल्या दवाखान्यासमोर थांबते, हेही मग लपत नाही.

माहितीला कुलूप नीट लावलं नव्हतं, अशी चर्चा तेव्हा झाली. मला वाटतं, प्रश्न त्याआधीचा आहे. बॅटरी आणि चार्जिंग सुधारण्यासाठी माहिती घेतो, असं कंपनीचं म्हणणं. पण बॅटरीचा अभ्यास करायचा तर गाडी कुणाच्या दारात होती, हे साठवायचंच कशाला?

यावर सुरक्षिततेचं उत्तर ठरलेलं असतं: अपघात झाला तर मदत कशी पोचणार? त्याचा दाखला युरोपातच आहे. तिथं ३१ मार्च २०१८ पासून नव्या मॉडेल्सना ई-कॉल सक्तीचा आहे. ही यंत्रणा एरवी गप्प असते. मोठी धडक बसली की जागी होते आणि ११२ क्रमांकाला जागा कळवते. म्हणजे जीव वाचवायला चोवीस तास माग काढावा लागत नाही.

फोन बंद ठेवला की झालं, असं समजू नका. आजच्या बहुतेक नव्या गाड्यांत स्वतःचं सिम असतं. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या गाड्या चालक किती वेळा करकचून ब्रेक दाबतो, किती वेगानं जातो, याची नोंद ठेवत होत्या आणि ती माहिती विकणाऱ्या कंपन्यांमार्फत विमा कंपन्यांकडं पोचत होती. २०२४ मध्ये हे उजेडात आलं, तेव्हा विम्याचा हप्ता का वाढला ते काही चालकांना कळलं. कागदोपत्री संमती होती म्हणे. नव्या गाडीची किल्ली हातात पडताना स्क्रीनवर ‘मान्य’ दाबणं, याला मी संमती मानत नाही. आणि मागच्या सीटवर बसलेल्यांना तर कुणी विचारलेलंही नसतं.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती घर सोडून निघालेल्या बाईची. गाडी तिच्या हातात, पण गाडीचं ॲप नवऱ्याच्या फोनवर. ती कुठं आहे ते त्याला घरबसल्या दिसतं. कॅलिफोर्नियानं २०२४ मध्ये यावर कायदा केला: पीडितेनं पुराव्यासह अर्ज केला की कंपनीनं दोन कामकाजी दिवसांत त्या माणसाचा दूरचा ताबा काढायचा. असा कायदा सगळीकडं हवा.

तोवर निदान एवढं करा. फोन गाडीला जोडताना संपर्कयादी देऊ नका. गाडी विकताना किंवा भाड्याची परत करताना त्यातली आपली माहिती पुसा. आणि जुनी गाडी घेतलीत, तर पैसे देण्याआधी आधीच्या मालकाला त्याचं खातं तुमच्यासमोर काढायला लावा. नाहीतर गाडी तुमच्या दारात आणि तिचं कुलूप उघडणारं ॲप त्याच्या खिशात, असं होऊ शकतं.