पाटी कोण लावणार?

पत्रिकेत आजचा विषय ‘संग्रहालयं आणि द्वेषाची चित्रं’ असा छापलाय. बोलायचंय ते कासेल आणि विटेनबर्ग या जर्मनीतल्या दोन गावांबद्दल. पण आधी ठाण्यातली एक रांगोळी सांगतो. ती सांगितल्याशिवाय मला पुढं जाताच येत नाही.

दिवाळीतलं रांगोळी प्रदर्शन. शाळेचा हॉल, खिडक्या लावलेल्या, पंखे बंद, घामाघूम होऊन दोरीच्या अलीकडून बघायचं. तुम्ही सगळ्यांनी अनुभवलंय हे. मी परीक्षक होतो. पहिल्या चौकटीत टिळक, मग लतादीदी, मग अब्दुल कलाम आणि चौथ्या चौकटीत हिटलर. काढणारा मुलगा सोळा-सतरा वर्षांचा. काम काय सांगू तुम्हाला! कॉलरची घडी, कातडी पट्ट्यावरची चमक, मिशीखालची सावली, राखाडीच्या पाच-सहा छटा हलक्या हातानं चाळून टाकलेल्या. आणि खाली पाटी: ‘शिस्तीचा महामेरू’. समर्थांनी शिवरायांसाठी वापरलेला शब्द हो! तो उचलून इथं चिकटवलेला.

माझ्याबरोबर टेंभी नाक्याला राहणाऱ्या एक मावशी होत्या. बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातल्या ज्यू. त्यांच्याकडे नवस फेडला की पोह्यांचा मलिदा आमच्या घरी यायचा, ओल्या नारळाचा, वर फळांच्या फोडी. मावशी त्या चौकटीपाशी थांबल्या. पदर खांद्यावरून पुढं ओढून घेतला. बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “माझ्या नातवाच्या वयाचा आहे रे हा पोरगा. याला कोणी सांगितलं नाही का?”

मी आयोजकांकडे गेलो. “सर, कला म्हणून बघा ना,” म्हणाले. तासभर वाद घातला. दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन बघतो तर चौथी चौकट झाडून साफ. फरशीच्या सांध्यात तेवढी थोडी राखाडी अडकून राहिलेली. मुलाला काय सांगितलं म्हणून विचारलं, तर “कोणीतरी तक्रार केली, असं सांगितलं.” बस्स, एवढंच. त्या पोरानं कॅमेऱ्यातला फोटो मला दाखवला, डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. आपलं चित्र कोणीतरी मोडलं, इतकंच त्याला कळलं. मावशींचा प्रश्न तसाच राहिला. माझा राग आजही त्या मुलावर नाही, केरसुणी फिरवणाऱ्यांवर आहे.

कारण आपण कोण आहोत ते बघा. अलिबागजवळ नौगावच्या किनाऱ्याला लागलेली ही बेने इस्राएल माणसं कोकणात तेलाचे घाणे चालवायला लागली. शनिवारी घाणा बंद, म्हणून आपण त्यांना शनवारतेली म्हणालो. त्यांनी मराठीत कीर्तनं रचली. त्यांच्या वाट्याला इथं कधी युरोपासारखा छळ आला नाही, हे आपण अभिमानानं सांगतो आणि ते खरं आहे. पण त्याच आपल्या फुटपाथवर हिटलरचं आत्मचरित्र व्यक्तिमत्त्व विकासाच्या पुस्तकांशेजारी मांडलेलं असतं. आपल्याकडे द्वेष नव्हता, म्हणून द्वेषाचं चित्र कसं दिसतं हेच आपल्याला ओळखता येत नाही.

चिठ्ठी आली, पंधरा मिनिटं राहिली. बरं, कासेल.

तिथलं डॉक्युमेंटा हे प्रदर्शन १९५५ साली सुरू झालं. नाझींनी बदनाम केलेल्या आधुनिक कलेला पुन्हा मान द्यायचा, हा हेतू. २०२२ ची सूत्रं रुआंगरुपा या इंडोनेशियातल्या गटाकडे होती. तारिंग पादी हा इंडोनेशियातल्याच योग्यकार्ताचा कलाकारांचा गट. त्यांनी २००२ मध्ये आपल्या देशातल्या सुहार्तोच्या हुकूमशाहीवर रंगवलेला एक प्रचंड फलक कासेलच्या फ्रीडरिखप्लाट्स या चौकात उभा केला. शेकडो आकृत्या. त्यांत डुकराच्या तोंडाचा एक सैनिक, गळ्यातल्या रुमालावर दाविदाचा तारा, म्हणजे ज्यूंची खूण, शिरस्त्राणावर ‘मोसाद’, म्हणजे इस्रायलची गुप्तहेर संस्था. आणि कर्मठ ज्यूंसारख्या कानापाशी केसांच्या बटा सोडलेला, सुळे बाहेर आलेला, लाल डोळ्यांचा एक माणूस, टोपीवर हिटलरच्या एसएस दलाची खूण. मोसादवर टीका करायला कोणाची हरकत नाही. पण हे सुळे मोसादचे नाहीत. हा चेहरा जावात जन्मला नाही, तो युरोपात शतकानुशतकं घडत गेला.

१८ जूनला प्रदर्शन उघडलं, २० ला फलकावर काळं कापड चढलं, २१ ला तो उतरवला. कलाकारांनी माफी मागितली, जुलैत संचालकबाईंना पद सोडावं लागलं. तो फलक उतरवला हे बरोबरच झालं. पण तो उभा करण्याआधी त्या दोन आकृत्यांवर कोणी बोट ठेवलं नाही आणि उतरल्यावर रिकाम्या चौकात आलेल्या माणसाला नक्की काय चुकलं ते कळायची सोय नव्हती.

संस्थेची भिंत चित्राला खरेपणा देते, म्हणून मी इतका आग्रह धरतो. ८ नोव्हेंबर १९३७ ला म्युनिकमध्ये ‘चिरंतन ज्यू’ नावाचं प्रदर्शन भरलं, ते जर्मन संग्रहालय या विज्ञानाच्या संग्रहालयाच्या ग्रंथालयाच्या इमारतीत! उद्घाटनाला हिटलरचा प्रचारमंत्री गोबेल्स. पोस्टरवर एक ज्यू, त्याच्या एका हातात नाणी, दुसऱ्या हातात चाबूक आणि काखेत कोयता-हातोड्याची खूण असलेला नकाशा. चार लाखांवर लोक बघून गेले. विज्ञानाच्या घरात मांडलंय म्हणजे अभ्यास करूनच मांडलं असणार, असं सामान्य माणसाला वाटणारच.

आता विटेनबर्ग, दोन मिनिटांत. प्रोटेस्टंट पंथाचा प्रवर्तक ल्यूथर जिथं प्रवचन द्यायचा त्या चर्चच्या भिंतीवर तेराव्या शतकातलं एक दगडी शिल्प आहे. डुकरीण, तिला लुचणारे ज्यू, तिची शेपटी उचलून बघणारा रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू. ते काढून टाका म्हणून एका ज्यू नागरिकानं थेट सर्वोच्च दिवाणी न्यायालय गाठलं. १४ जून २०२२ ला, म्हणजे कासेलच्या चारच दिवस आधी, निकाल लागला: खाली स्मारक आणि माहितीफलक आहे, म्हणून शिल्प राहू शकतं. त्या गृहस्थांची वेदना मला समजते. मी त्यांच्या जागी असतो तर मीही कोर्टात गेलो असतो. तरीही कापड टाकण्यापेक्षा मला ती पाटी हवी, मोठ्या अक्षरात, डोळ्यांच्या उंचीवर. तिच्यापाशी उभं राहून ठाण्याच्या त्या मुलाला समजावता आलं असतं.

ते स्मारक १९८८ सालचं, शिल्पाच्या बरोबर खाली, जमिनीत बसवलेलं. धातूच्या चार लाद्या काहीतरी दाबून धरतायत, आणि जे दाबलंय ते सांध्यांतून फुगून वर आलंय. काठावर साठ लाख ज्यूंचा उल्लेख कोरलाय. लोक वाकून वाचतात आणि मग मान वर करून भिंतीकडे बघतात.