टोकन देण्याआधी

श्रोतेहो, नमस्कार.

जुनी गाडी बघायला जायचं असेल तर आदल्या रात्री मालकाला एक फोन करावा आणि सांगावं, "सकाळी येतोय, मी येईपर्यंत गाडी चालू करू नका." मालक हो हो म्हणतो. तरी पोहोचल्यावर पहिला हात बॉनेटवर ठेवायचा. बॉनेट कोमट लागलं, तर गाडी आधीच फिरवून आणलेली आहे. मग चहा घ्या, तीन-चार तास थांबा, नाहीतर दुसऱ्या दिवशी या. गरम इंजिन बरंच काही पोटात घालतं. घासलेली टायमिंग चेन (इंजिनातले व्हॉल्व्ह वेळेवर उघडणारी साखळी), व्हॉल्व्हची गळकी सीलं, मरायला टेकलेली बॅटरी या गोष्टी रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या पहिल्या मिनिटातच खऱ्या कळतात.

तालुक्याच्या गावी चार-पाच गाड्या उभ्या करून हा धंदा सुरू करू पाहणाऱ्यांशी आज बोलायचं आहे. घरच्यासाठी एकच गाडी घेणाऱ्यांनाही यातलं बहुतेक सगळं लागू पडेल.

आधी हिशेब मांडू, कारण त्याशिवाय गाडीतल्या दोषाचं वजन कळत नाही. समजा, एक छोटी पेट्रोल गाडी ३,४०,००० रुपयांना घेतली. दोन टायर ७,५००, क्लचचा सेट मजुरीसह ८,५००, दोन पॅनेलचं रंगकाम ६,०००, कागदपत्रं आणि इतर ५,०००. झाले २७,०००. पैसा महिना दीड टक्क्याने उचललेला असेल आणि गाडी ४५ दिवस उभी राहिली, तर व्याज ७,६५०. ग्राहकाने करासह ३,९५,००० दिले. जुन्या गाडीवरचा जीएसटी जानेवारी २०२५ पासून सरसकट १८ टक्के आहे. तो लागतो खरेदी-विक्रीतल्या फरकावर, आणि डागडुजीचा खर्च त्या फरकातून वजा होत नाही. म्हणजे ५५,००० मधले साधारण ८,४०० कराचे. हातात उरले जेमतेम १२,०००, आणि जागेचं भाडं अजून त्यातूनच जायचंय. आता गाडी घेताना हा खराब क्लच ओळखला नसता आणि ती ८,५०० जास्त देऊन घेतली असती, तर नफा पाच हजारांच्या आत आला असता. आकडे गाडीगणिक बदलतील, पण एका न ओळखलेल्या क्लचमध्ये निम्म्याहून जास्त कमाई जाते हे गणित फारसं बदलत नाही.

तर परत थंड इंजिनाकडे. डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, काढा, कूलंटची (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची) बाटली बघा, इंजिन थंड आहे तोवरच रेडिएटरचं झाकण उघडा. ऑइल भरायच्या झाकणाखाली दुधाळ फेस दिसला की हेड गॅस्केट, म्हणजे इंजिन आणि त्याच्या हेडमधलं पॅकिंग, उडालं असं लगेच म्हणू नका. पावसाळ्यात रोज दोन-दोन किलोमीटरच फिरणाऱ्या गाडीत नुसत्या दमटपणानेही झाकणाला पांढरा थर धरतो. डिपस्टिकवरचं ऑइलही कॉफीसारखं दिसत असेल, तर मात्र पाणी ऑइलमध्ये गेलेलं आहे. दुसरी खूण अशी: इंजिन चालू केल्यावर मिनिटाभरात, पाणी तापायच्या आतच, रेडिएटरचा वरचा पाइप दाबून बघा. तो दगडासारखा कडक झाला असेल आणि बाटलीत बुडबुडे येत असतील, तर सिलिंडरातला दाब पाण्यात शिरतोय. गॅस्केट स्वतः महाग नसतं. हेड उतरवणं, फेसिंग करणं, ऑइल, कूलंट आणि मजुरी मिळून छोट्या गाडीलाही १२ ते २० हजार सहज लागतात.

गाडी पूर्वी तापलेली असली की काही मिस्त्री थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढून टाकतात आणि आपल्याकडे उकाडा आहे, त्याची गरजच काय असं सांगतात. हा शुद्ध अडाणीपणा आहे. थर्मोस्टॅट नसेल तर इंजिन नीट तापत नाही, कॉम्प्युटर गाडी थंडच आहे असं समजून जास्त पेट्रोल सोडतो, ॲव्हरेज पडतं. आणि मूळ दुखणं, म्हणजे चोंदलेला रेडिएटर किंवा बंद पडलेला पंखा, तिथेच राहतं. वीस मिनिटं गाडी चालवूनही तापमानाचा काटा तळाशीच असेल तर हाच संशय घ्यावा.

आता सेल्फ मारताना एक माणूस सायलेन्सरपाशी उभा करा. थंडीच्या सकाळी पांढरी वाफ येणं, थेंब-थेंब पाणी पडणं यात काही वावगं नाही, इंजिन तापलं की ते थांबतं. तापल्यावरही दाट पांढरा धूर राहिला आणि त्याला गोडसर वास असला तर कूलंट जळतंय. डिझेल गाडीत पांढऱ्या धुराला कच्च्या डिझेलचा वास असेल, तर नजर डिझेल फवारणारे इंजेक्टर आणि थंड इंजिन तापवणारे ग्लो प्लग यांच्याकडे वळवावी.

निळ्या धुराची वेळ पाहायची. पहिल्या सेल्फला भसकन निळा धूर आला आणि मग थांबला, तर रात्रभर व्हॉल्व्ह सीलमधून ऑइल झिरपलंय. हे काम परवडणारं असतं. गाडी चढाला ओढताना सतत निळा धूर येत असेल तर पिस्टनच्या रिंगा गेल्या, इंजिन खोलावं लागणार. खात्री करायची असेल तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरात तयार होणारा दाब, मोजा. बऱ्याचशा पेट्रोल इंजिनांत १५० ते १९० पीएसआय मिळतं. नेमका आकडा त्या मॉडेलच्या पुस्तकात असतो, पण चारही सिलिंडरांत १०-१५ टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको. एखादा सिलिंडर कमी दाखवत असेल, तर प्लगच्या भोकातून दोन चमचे इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा वर चढला तर रिंग दोषी. तिथेच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. डिझेलवाले याहून सोपी चाचणी करतात: चालू इंजिनाचं ऑइलचं झाकण सैल करून तिथेच ठेवतात. ते उडायला लागलं, धुराचे भपकारे आले, की म्हणतात "बॅक कॉम्प्रेशन आहे". चाचणी गावठी असली तरी खोटी नाही.

काळा धूर बहुतेक वेळा एअर फिल्टर, इंजेक्टर, ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर परत इंजिनात सोडणारी झडप) किंवा टर्बोचा, म्हणजे इंजिनात जास्त हवा ढकलणाऱ्या पंख्याचा, फाटलेला पाइप. पाइप फाटला असेल तर पिकअपही मेलेला असतो आणि रेस देताना फुस्स आवाज येतो. रबराचा एक पाइप बदलून भागतं, त्यामुळे टर्बो गेला समजून स्वस्तात विकायला काढलेली गाडी कधीकधी चांगला सौदा ठरते.

२०२० नंतरच्या बीएस ६ डिझेल गाड्यांमध्ये काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर असतो. काजळी जाळायला गाडी वीसेक मिनिटं एका लयीत हायवेवर पळावी लागते. शाळा, बाजार, ऑफिस एवढंच फिरणाऱ्या गाडीत ती जळत नाही. गाडी ती पुन्हा पुन्हा जाळायचा प्रयत्न करते आणि त्यासाठी सोडलेलं जादा डिझेल खाली ऑइलमध्ये उतरतं. म्हणून डिपस्टिकवर ऑइल खुणेच्या वर गेलेलं दिसलं, तर कुणी जास्त भरलंय एवढ्यावर सोडू नका. फिल्टर काढूनच टाकलेली गाडी बेकायदा आहे, तिच्या वाटेला जाऊ नये.

टायमिंग चेनचा खडखडाट थंड इंजिनातच पहिले दोन-तीन सेकंद ऐकू येतो. फियाटचं १.३ लिटरचं डिझेल इंजिन स्विफ्ट, डिझायर, इंडिका व्हिस्टा, पुंटो अशा कितीतरी गाड्यांत बसलं. त्याचा मिस्त्री गावोगावी सापडतो, पण वेळेवर ऑइल न बदललेल्या इंजिनाची चेन सैल पडते. जुन्या सँट्रोला चेनऐवजी बेल्ट आहे. तो केव्हा बदलला याचं बिल मिळत नसेल तर बदललाच नाही असं धरून किंमत करावी.

आता विजेचं. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते, १२.२ म्हणजे अर्धी. सेल्फ मारताना ९.६ च्या खाली गेली तर कमजोर. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५. काही नव्या गाड्या मुद्दाम कमी चार्जिंग करतात, ते वेगळं. बॅटरी ठणठणीत आणि सेल्फ तरी संथ, तर नवा सेल्फ घ्यायला धावू नका. मीटरची एक वायर इंजिनाच्या धातूला, दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हला लावून सेल्फ मारा. अर्ध्या व्होल्टहून जास्त दिसलं तर अर्थिंगची पट्टी गंजलीय. ती घासून आवळायला दहा मिनिटं लागतात.

गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले दोषांचे कोड वाचणारा स्कॅनर आता हजार-दोन हजारांतही मिळतो, घ्यावाच. मात्र तो रोग सांगत नाही, दुखतं कुठे तेवढं दाखवतो. पी ०३०२ कोड म्हणजे दुसरा सिलिंडर मिसिंग मारतोय. दुसऱ्याची कॉइल (प्लगला ठिणगीची वीज देणारी) तिसऱ्यावर आणि तिसऱ्याची दुसऱ्यावर बसवा. कोड बदलून पी ०३०३ झाला तर कॉइल खराब. नाही बदलला तर प्लग, मग इंजेक्टर, मग कॉम्प्रेशन. पी ०१७१, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी, हा कोड आला की पुष्कळजण ऑक्सिजन सेन्सर बदलून मोकळे होतात, पण बहुतेक वेळा तडकलेल्या इनटेक पाइपातून जास्तीची हवा शिरत असते. एकही कोड नसणं हीसुद्धा माहितीच असते. कोड पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली हे बरेच स्कॅनर दाखवतात. तिथे ६ किलोमीटर दिसलं, तर तुम्ही यायच्या आधी चेक इंजिनचा दिवा घालवलेला आहे.

चालवताना रेडिओ बंद, काचा खाली. तिसऱ्या गिअरमध्ये हँडब्रेक ओढून, रेस १,५०० वर ठेवून क्लच सोडा. इंजिन बंद पडायला हवं. घोंघावत राहिलं तर क्लच प्लेट घसरतेय. ही चाचणी एकदाच करायची, दहादा करून दुसऱ्याची प्लेट जाळायची नाही. स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू फिरवताना टक-टक आली तर एक्सलचा बाहेरचा जॉइंट. वेगाबरोबर वाढणारी घरघर डावीकडे वळताना जास्त झाली तर उजवीकडचं व्हील बेअरिंग, कारण वजन त्या बाजूला जातं. खड्ड्यात खडखड झाली तर आधी लिंक रॉड आणि लोअर आर्मचे बुश, शॉकअप नंतर. ब्रेकला पॅडल थरथरलं तर डिस्क.

बॉडीच्या बाबतीत रंगाची जाडी मोजणारं यंत्र कामाला येतं. कंपनीचा रंग साधारण ८० ते १५० मायक्रॉन भरतो. तीनशेच्या पुढे गेला की खाली लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली. बंपर आणि एखादा दरवाजा रंगवलेला असणं हा आपल्या रस्त्यांवर गुन्हा नव्हे. एप्रन (बॉनेटखालचे बाजूचे पत्रे), पिलर (छताचे खांब) आणि चासीची वेल्डिंगं मूळची आहेत का, ते महत्त्वाचं.

पुराची गाडी मात्र कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. २००५ ची मुंबई, २०१९ ची सांगली-कोल्हापूर, २०२१ चं चिपळूण, २०२३ चं नागपूर. प्रत्येक पुरानंतर धुऊन-पुसून चकचकीत केलेल्या गाड्या दुसऱ्या जिल्ह्यात विकायला निघण्याचा धोका असतो. सीटबेल्ट शेवटापर्यंत ओढा, आतल्या टोकाला गाळाची रेघ सापडते. सीटच्या रुळांचे बोल्ट, स्टेपनीचा खड्डा, डॅशबोर्डखालचे कनेक्टर बघा. पितळेवर हिरवट थर आला असेल तर वायरिंग वर्षभर एकेक दुखणं काढत राहील. शिवाय पाण्यात इंजिन सुरू करायचा प्रयत्न झाला असेल, तर कनेक्टिंग रॉड वाकलेला असू शकतो.

कागदांचं थोडक्यात. बँकेचा बोजा असेल तर फॉर्म ३५ (बोजा उतरवायचा अर्ज) आणि बँकेची एनओसी हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. दुसऱ्या राज्याचं पासिंग असेल तर तिथली एनओसी आणि इथे भरायचा कर किमतीत धरा. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून तिकडच्या गाड्या स्वस्त वाटतात, त्या याच हिशेबात महाग पडतात. सीएनजी किटची नोंद आरसीवर हवी आणि सिलिंडरची चाचणी तीन वर्षांच्या आतली हवी. व्यावसायिकांसाठी १ एप्रिल २०२३ पासून नियम बदललाय. आरटीओकडे फॉर्म २९ए भरून पाच वर्षांचं अधिकृत विक्रेत्याचं प्रमाणपत्र मिळतं, आणि मालकाने गाडी सोपवल्याची सूचना फॉर्म २९सी मधून पोर्टलवर गेली की गाडीची जबाबदारी तुमची होते. मालकाला हे सांगितलं तर तो निश्चिंत होतो, कारण नोंद बदलली नाही तर अपघाताच्या भरपाईला नोंदणीकृत मालकच बांधील, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये म्हटलेलं आहे.

शेवटी उभ्या गाडीबद्दल. गाडी आपल्या आवारात आली की नवे दोष इथेच तयार होतात. आठवड्यातून एकदा पाच मिनिटं इंजिन चालू करून बंद करणं सर्वांत वाईट, बॅटरी भरत नाही आणि सायलेन्सरात पाणी साठतं. वीस मिनिटं फिरवून आणा, एसी लावून, दोन-चार ब्रेक जोरात मारून. प्रत्येक फेरी विक्रेत्याच्या ट्रिप रजिस्टरमध्ये चढवा, नियमही तसाच आहे. हवा दोन-तीन पीएसआय जास्त ठेवा, म्हणजे टायर एका जागी चपटे होत नाहीत. हँडब्रेक सोडून चाकाला दगड लावा, विशेषतः पावसाळ्यात, नाहीतर मागचे लायनर ड्रमला चिकटतात. आणि रोज सकाळी एकदा बॉनेट उघडून बघा. उंदराने वायर कुरतडली असेल तर ती ग्राहक यायच्या आधी आपल्याला दिसलेली बरी.

नमस्कार.