व्हिटबी: १९९ पायऱ्यांखालची घरं

दाराशेजारी भिंतीवर छोटीशी पेटी. चार आकडे दाबायचे, किल्ली हातात. घरमालक भेटत नाही. हे व्हिटबी. इंग्लंडमधल्या यॉर्कशायरचा किनारा, एस्क नदीचं मुख.

आपलं कॉटेज एकेकाळी मासेमाराचं घर होतं. खाली एक खोली, वर एक, त्यावर माळा. जिना इतका उभा, की बॅग आधी वर ढकलायची, मग आपण चढायचं. खिडकीखाली दिसतात ती शेजारच्या घराची लाल कौलं. इथून जवळच, ग्रेप लेनमधल्या जहाजमालक जॉन वॉकर यांच्याकडे १७४६ साली जेम्स कुक उमेदवारीला आला. पुढे तो ज्या एन्डेव्हरवरून ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याला लागला, ते मुळात याच गावात बांधलेलं कोळशाचं जहाज!

आणि या पायऱ्या. १९९ म्हणतात, पण मोजणाऱ्या प्रत्येकाचा आकडा वेगळा. पूर्वी त्या लाकडी होत्या. मधूनमधून ही रुंद बाकं दिसतात ना? आज पर्यटक त्यांवर दम खातात. ठेवली होती ती खांदेकऱ्यांसाठी. वर सेंट मेरी चर्चकडे जाताना शवपेटी टेकवायला.

हेन्रिएटा स्ट्रीटवरचं हे काजळलेलं खोपटं फॉर्च्यून कुटुंबाचं. १८७२ पासून इथे किपर बनतात. हेरिंग मासा पाठीतून चिरून सपाट उघडायचा, मिठाच्या पाण्यात मुरवायचा, ओळीने टांगायचा आणि खाली लाकडाचा भुसा धुमसत ठेवायचा. जाळ होऊ द्यायचा नाही, धूरच हवा. भिंतींवर डांबरासारखा थर चढलाय, तो या धुराचाच. हा वास गल्लीच्या तोंडापासून येतो. सुक्या बोंबलांवर वाढलेल्याला त्याचं काही वाटणार नाही, बाकीच्यांनी नाकाला रुमाल लावावा.

शनिवार. पाहुणे बदलायचा दिवस. गल्लीत गाडी शिरत नाही, त्यामुळे चादरींची गाठोडी अशी हातानेच न्यावी लागतात. एका दारातून निघाली की पुढच्या दारात.

नवी घरं इथे कायम राहणाऱ्यांनाच मिळावीत, असा कौल गावाने जून २०२२ मध्ये दिला. बाजूने ९३ टक्के मतं, पण कौल बंधनकारक नव्हता. एप्रिल २०२५ पासून, मालक कायम राहत नाही अशा दुसऱ्या घरांवरचा कौन्सिल टॅक्स, म्हणजे तिथली घरपट्टी, दुप्पट झाला. भाड्याने द्यायचा धंदा म्हणून नोंदलेली कॉटेजेस मात्र त्यातून सुटतात. आपण उतरलो ते यातलंच एक.